बाहेरचा कोण? : धडका आणि गिरक्यांची गणितं

‘सगळी सूत्रं पाठ आहेत, तरी गणित का सुटत नाही?’

हदगावात दहावी करून अकरावीला नांदेड किंवा लातूर गाठलेल्या मुलांच्या तोंडी हा प्रश्न पहिल्या सहामाहीतच येतो. खरं तर सगळं ओळखीचं असतं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा ‘गतीचे नियम’, तिथे संवेग भेटून गेलेला असतो. अकरावीत टक्करी येतात, बारावीच्या भौतिकशास्त्राची सुरुवातच फिरत्या वस्तूंनी होते. सूत्रांची वही भरत जाते. पुढे नीटचा पेपर: 180 प्रश्न, 180 मिनिटं, त्यातले 45 प्रश्न भौतिकशास्त्राचे. मिनिटाला एक प्रश्न म्हटल्यावर मुलगा प्रश्न पुरता वाचायच्या आधीच सूत्र शोधायला लागतो आणि तिथेच फसतो.

लातूर पॅटर्नने मराठवाड्याला सरावाची शिस्त लावली, हे कुणी नाकारणार नाही. पण शंभर गणितं सोडवताना दर वेळी ‘कुठलं सूत्र?’ एवढंच विचारलं, तर एकशे एकावं गणित पुन्हा परकंच वाटतं. धडकांच्या आणि गिरक्यांच्या गणितात त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा. या प्रकरणात आपण तोच फिरवून फिरवून विचारणार आहोत.

1. भिशी आणि बाहेरचा माणूस

वस्तूचं वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग, क्लासातला मोमेंटम. त्याला दिशा असते. उजवीकडचा अधिक धरला, तर डावीकडचा उणे.

दहा जणींची भिशी चालू आहे असं समजा. पैसे हिच्याकडून तिच्याकडे जातात, कुणाकडे जमा दिसते, कुणाच्या नावे उधारी. पण बाहेरच्या कुणी पैसे घातले किंवा काढले नाहीत, तर सगळ्या मिळून होणारी रक्कम तीच राहते. संवेगाचं तसंच. दोन वस्तू एकमेकींवर आदळतात तेव्हा एक जेवढा संवेग गमावते तेवढाच दुसरी कमावते, कारण दोघींनी एकमेकींना दिलेले धक्के सारखे आणि उलट दिशेचे असतात. बेरीज बदलायची तर बाहेरच्या कुणीतरी धक्का द्यायला हवा: रस्त्याचं घर्षण, भिंत, बिजागरी, दोरी. तेव्हा पहिला प्रश्न हा: या प्रसंगात बाहेरचा कोण?

कॅरमचा बोर्ड घ्या. बोरिक पावडर मारलेली आहे, म्हणजे घर्षण नावाचा बाहेरचा जवळपास हाकलून लावलेला आहे. 15 ग्रॅमचा स्ट्रायकर सेकंदाला 2 मीटर वेगाने 5 ग्रॅमच्या सोंगटीवर बरोबर मधोमध बसला. पुढे काय?

संवेगाची बेरीज आधी 15 × 2, म्हणजे 30. ती नंतरही 30च. पण अज्ञात दोन आहेत, स्ट्रायकरचा वेग आणि सोंगटीचा वेग; एका समीकरणाने भागणार नाही. ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं तर दुसरी अट मिळते आणि ती वर्गांची समीकरणं न मांडताही वापरता येते: दोघं ज्या वेगाने जवळ आली त्याच वेगाने ती दूर जातात. जवळ आली 2ने, म्हणजे सोंगटी स्ट्रायकरच्या 2ने पुढे पळेल. स्ट्रायकर 1ने चालत राहिला आणि सोंगटी 3ने सुटली, तर 15 × 1 अधिक 5 × 3 बरोबर 30. हिशेब जुळला. गतिज ऊर्जेचाही ताळा करून पाहा. ‘अर्धा’ दोन्हीकडे असल्याने सोडून दिला तर आधी 15 × 4 म्हणजे 60, नंतर 15 × 1 अधिक 5 × 9, तेही 60.

मार खाणारी सोंगटी मारणाऱ्या स्ट्रायकरपेक्षा जोरात पळते, हे कॅरम खेळणाऱ्या प्रत्येकाने हजारदा पाहिलेलं असतं. गणितात 3 हे उत्तर आलं की मात्र तोच माणूस ‘चुकलं वाटतं’ म्हणून खोडतो.

2. महामार्गावरची धडक

तुळजापूरहून लातूर, नांदेड, अर्धापूर करत नागपूरकडे जाणारा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हदगावावरून पुढे उमरखेडला जातो. अशा रस्त्यावर 3,000 किलोचा टेंपो थांबलेला आहे, हँडब्रेक लावून. मागून 1,000 किलोची मोटार ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने येऊन त्यात घुसते. दोन्ही वाहनं एकमेकांत अडकून घसरत जातात. टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षणांक 0.5, गुरुत्व त्वरण 10 धरू. किती अंतर घसरतील?

घाईतला विद्यार्थी ऊर्जा अक्षय्य म्हणतो आणि सुटतो. मोटारीची गतिज ऊर्जा अर्धा × 1,000 × 400, म्हणजे 2,00,000 जूल. घर्षणाचं बल 0.5 × 4,000 × 10, म्हणजे 20,000 न्यूटन. भागाकार केला, उत्तर 10 मीटर. प्रश्न काढणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून चार पर्यायांत 10 मीटर हमखास असतो.

इथे प्रसंग एक नाही, दोन आहेत. त्यांचे तुकडे पाडले पाहिजेत.

पहिला तुकडा धडकेचा, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा धरू. या वेळात पत्रा चेपतो, काच फुटते, आवाज होतो. गतिज ऊर्जा कुठे गेली याचा पत्ता लागणार नाही, तेव्हा ऊर्जेचं सूत्र इथे लावायचं नाही. पण संवेग? बाहेरचा आहे रस्ता. त्याचं घर्षण 20,000 न्यूटन, वेळ 0.1 सेकंद, त्याने काढून घेतलेला संवेग फार तर 2,000. मोटारीने आणलेला संवेग 20,000. म्हणजे बाहेरच्याने दहावा हिस्सा खाल्ला. पुस्तकी गणित धडक क्षणभराची मानतं आणि एवढ्यावर पाणी सोडतं. मग 20,000 भागिले 4,000: धडकेनंतरचा वेग सेकंदाला 5 मीटर.

दुसरा तुकडा घसरण्याचा. आता बाहेरच्या रस्त्याला भरपूर वेळ मिळतो, पूर्ण एक सेकंद, आणि तेवढ्यात तो सगळा संवेग गिळून टाकतो. इथे संवेग अक्षय्य म्हणणं चूक. पण घर्षणाने किती ऊर्जा खाल्ली ते मात्र आपल्याला मोजता येतं. उरलेली ऊर्जा अर्धा × 4,000 × 25, म्हणजे 50,000 जूल. भागिले 20,000. उत्तर 2.5 मीटर.

दोन लाखांपैकी दीड लाख जूल पत्रा चेपण्यात गेले. मोटारीचं नाक मुद्दाम चेपणारं बनवतात ते यासाठीच: ही ऊर्जा कुठेतरी जाणारच असते, ती आत बसलेल्यांच्या बरगड्यांत जाऊ नये.

झाडाला टांगलेल्या ओंडक्यात गोळी घुसते आणि ओंडका वर झुलतो, हे क्लासांचं लाडकं गणितही याच साच्यातलं आहे. घुसताना संवेग, झुलताना ऊर्जा. पुन्हा वेगळं सांगायला नको.

3. चिकटली की उसळली

आदळून चिकटण्यापेक्षा उसळणारी वस्तू जास्त धक्का देते. भिंतीवर चेंडू आदळून तिथेच पडला तर भिंतीला त्याचा संवेग मिळाला. तेवढ्याच वेगाने परत आला तर दुप्पट मिळाला, कारण अधिक होतं ते उणे झालं.

याचं सगळ्यात भव्य प्रात्यक्षिक 26 सप्टेंबर 2022 रोजी झालं. आपल्याकडे तेव्हा 27 तारखेची पहाट होती. नासाचं डार्ट नावाचं यान, साधारण 580 किलोचं, सेकंदाला 6.1 किलोमीटर वेगाने डिमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. पृथ्वीवर चाल करून येणाऱ्या एखाद्या लघुग्रहाला बाजूला ढकलता येईल का, याची ही चाचणी. डिमॉर्फॉसचं वस्तुमान अंदाजे 430 कोटी किलो. यान नुसतं रुतून बसलं असतं तर काय झालं असतं ते टेंपोच्या गणितासारखंच काढा: 580 × 6,100 भागिले 430 कोटी. उत्तर सेकंदाला जेमतेम 0.8 मिलिमीटर.

प्रत्यक्षात डिमॉर्फॉसच्या वेगात सुमारे 2.7 मिलिमीटरचा फरक पडला, तिपटीहून जास्त. जोडीदार लघुग्रहाभोवती फिरायला त्याला 11 तास 55 मिनिटं लागत, तो वेळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. जास्तीचा संवेग आला कुठून? आदळल्यावर धूळ आणि दगडांचा मोठा फवारा यान आलं त्या दिशेला उलटा उडाला. त्याने मागे जाताना डिमॉर्फॉसला पुढे ढकललं. भिशीत तिसरी सभासद होती आणि आपण तिला मोजलंच नव्हतं.

4. फिरायला कोण किती कुरकुरतं

आता गिरक्या. सरळ जाणाऱ्या वस्तूचा वेग बदलायला किती कष्ट पडतात ते तिच्या वस्तुमानावरून ठरतं. फिरणाऱ्या वस्तूचं एवढ्यावर भागत नाही. वस्तुमान आसापासून किती लांब पसरलंय तेही बघावं लागतं आणि तेही अंतराच्या वर्गाने. दुप्पट लांब ठेवलेला तोच दगड फिरवायला चौपट जड. या फिरण्याच्या जडत्वाला क्लासात मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात.

कड्याचं सगळं वस्तुमान काठावर, म्हणून त्याचं हे जडत्व वस्तुमान × त्रिज्येचा वर्ग. भरीव चकतीचं त्याच्या निम्मं, भरीव गोळ्याचं दोन पंचमांश. टोकाशी धरून फिरवलेल्या दांड्याचं वस्तुमान × लांबीचा वर्ग, भागिले तीन. हे आकडे पाठ केले तर चालतात. कुठून आले ते कलनशास्त्र सांगतं, इथे त्यात शिरत नाही.

फरक डोळ्यांनी पाहायचा तर एक फळी, एक बांगडी आणि कॅरमचा स्ट्रायकर एवढं पुरे. फळीचं एक टोक 30 सेंटिमीटर उंच करा आणि दोघांना कडेवर उभं धरून एकदम सोडा. स्ट्रायकर जिंकतो. बांगडी काचेची असो की सोन्याची, मोठी असो की बाळाची, स्ट्रायकरच जिंकतो. उतरताना मिळालेली ऊर्जा पुढे जाणं आणि फिरणं यांत वाटली जाते. बांगडी निम्मी ऊर्जा फिरण्यात घालवते, स्ट्रायकर एक तृतीयांश. हिशेब केला तर तळाशी बांगडीचा वेग सेकंदाला 1.73 मीटर आणि स्ट्रायकरचा 2 मीटर येतो. घर्षण नसलेला बर्फाचा खडा नुसता घसरत आला तर तो 2.45 मीटर वेगाने दोघांच्या पुढे जाईल.

या सगळ्या आकड्यांत वस्तुमान आणि त्रिज्या दोन्ही छेदून जातात. प्रश्नात ते दिलेले असतात म्हणून वापरलेच पाहिजेत असं नाही.

5. बिजागरीचं काय करायचं

फिरणाऱ्या वस्तूलाही संवेग असतो, त्याला कोनीय संवेग म्हणतात. सरळ जाणाऱ्या वस्तूचा संवेग गुणिले आसापासून तिच्या वाटेचं लंब अंतर, एवढी त्याची ओळख आपल्याला पुरेल. फिरत्या वस्तूसाठी फिरण्याचं जडत्व गुणिले फिरण्याचा वेग. त्याचीही बेरीज टिकते, बाहेरचा कुणी पीळ देत नाही तोवर. पीळ म्हणजे टॉर्क.

शेताच्या कुंपणाला 1 मीटर रुंद, 12 किलोचं लाकडी फाटक आहे. बिजागरीला तेल घातलंय, फाटक स्थिर आहे. कुणीतरी चिखलाचा अर्ध्या किलोचा गोळा सेकंदाला 9 मीटर वेगाने फाटकाच्या मोकळ्या कडेवर नेमका सरळ फेकला आणि तो तिथेच चिकटला. फाटक किती वेगाने फिरेल?

सवयीने संवेग अक्षय्य म्हणू नका. फाटक बिजागरीला बांधलेलं आहे आणि धडकेच्या त्याच क्षणी बिजागरी फाटकाला धक्का देते. महामार्गावरच्या घर्षणासारखं हे सोडून देता येत नाही. धडक जितकी जोरदार तितका बिजागरीचा धक्काही जोरदार. किती, ते आपल्याला माहीत नाही. बाहेरचा आहे, दांडगा आहे, आणि त्याचा आकडा ठाऊक नाही.

पण दार बिजागरीपाशी ढकललं तर ते हलत नाही, हे घरातल्या लहान मुलालाही कळतं. बिजागरीचं बल बिजागरीवरच लागतं, म्हणून तिथून मोजलं तर त्याचा पीळ शून्य. तेव्हा मोजायची जागा बिजागरीच निवडायची. बल तसंच राहतं, आपल्या हिशेबात मात्र त्याला बोलायला जागा उरत नाही.

आधीचा कोनीय संवेग: 0.5 × 9 × 1, म्हणजे 4.5. फाटकाचं फिरण्याचं जडत्व 12 भागिले 3, म्हणजे 4. चिकटलेल्या गोळ्याचं 0.5, मिळून 4.5. फिरण्याचा वेग 4.5 भागिले 4.5, सेकंदाला 1 रेडियन, म्हणजे सुमारे 57 अंश. दीड सेकंदात फाटक जवळजवळ काटकोनात उघडेल. ऊर्जा पाहाल तर आधी 20.25 जूल, नंतर 2.25, आठ नवमांश चिखलात गेली.

आता गंमत बघा. सरळ संवेग आधी 4.5 होता. नंतर फाटकाचा मध्य 0.5 मीटर वेगाने जातोय, त्याचा संवेग 12 × 0.5 म्हणजे 6, गोळ्याचा 0.5, बेरीज 6.5. संवेग वाढला! जास्तीचे 2 बिजागरीने दिले, तेही पुढच्या दिशेला. कडेवर मार बसला की फाटक स्वतःच्या मध्याभोवती गिरकी घेऊ पाहतं, बिजागरीकडचं टोक उलट मागे यायला लागतं आणि बिजागरी त्याला पुढे रेटून जागेवर ठेवते. मध्याजवळ मार बसला तर उलट होतं, बिजागरी मागे ओढते. या दोन्हींच्या मधे, बिजागरीपासून दोन तृतीयांश लांबीवर, एक जागा अशी आहे जिथे मार बसला तर बिजागरीला काहीच कळत नाही. क्रिकेटच्या बॅटीवर चेंडू टोकाला किंवा मुठीजवळ लागला की तळहाताला झिणझिण्या येतात आणि नेमक्या जागी लागला की हाताला पत्ताही लागत नाही, त्यामागचं एक कारण हेच.

6. फरशीवरची गोटी

गोट्या मातीत खेळतात, पण ही करामत शहाबादी फरशीवरच नीट दिसते. दोन सारख्या गोट्या घ्या. एक थांबलेली, दुसरी घरंगळत जाऊन तिच्यावर समोरासमोर आदळते. पुस्तक म्हणतं, सारख्या वस्तुमानांच्या अशा धडकेत वेगांची अदलाबदल होते: मारणारी जागच्या जागी थांबते, दुसरी तिच्या वेगाने सुटते.

लक्ष देऊन बघा. मारणारी क्षणभर थबकते आणि मग हळूच पुढे सरकते. तिला कुणी ढकललं?

ती नुसती सरकत आली नव्हती, घरंगळत, म्हणजे फिरत आली होती. धडकेत तिने पुढे जाण्याचा वेग देऊन टाकला, पण काच काचेला जेमतेम निमिषभर टेकली. फिरणं तिच्याकडेच राहिलं. जागच्या जागी फिरणारी गोटी फरशीला मागे घासते आणि फरशी तिला पुढे लोटते. आता बाहेरचा आहे फरशीचं घर्षण, किती ते माहीत नाही. मग मोजायची जागा? घर्षण जिथे लागतं ती, फरशीवरची.

गोटीचा वेग सेकंदाला 70 सेंटिमीटर होता असं धरा. थबकलेल्या क्षणी कोनीय संवेगात फिरण्याचा वाटा दोन पंचमांश × 70, म्हणजे 28. ती पुन्हा नीट घरंगळायला लागली की सरकणं आणि फिरणं मिळून तिचा वाटा वेगाच्या सात पंचमांश. 28 ला सात पंचमांशाने भागलं, वेग आला 20. पुढची गोटी उलट 70ने सुटली ती न फिरता, नुसती घसरत. घर्षणाने तिला मागे खेचत फिरायला लावलं आणि ती 50वर स्थिरावली. वस्तुमान आणि त्रिज्या पुन्हा छेदून गेल्या. 20 आणि 50 मिळून 70 होतात हेही बघून ठेवा: फरशीने एकीला दिलं तेवढंच दुसरीकडून काढून घेतलं.

7. लोणारच्या धडकेने दिवस लांबला का?

हदगावापासून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, बुलढाणा जिल्ह्यात, महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या धडकेची खूण आहे. लोणारचं विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, दख्खनच्या काळ्या पाषाणात अशनी आदळून झालेलं. गणित फाटकाचंच, फक्त फाटक म्हणजे पृथ्वी आणि बिजागरी नाही.

अशनीचं वस्तुमान 30 कोटी किलो आणि वेग सेकंदाला 20 किलोमीटर असं समजू. सरळ धक्क्याचा हिशेब: पृथ्वीचं वस्तुमान 6वर 24 शून्यं इतके किलो. भागाकार केला तर पृथ्वीचा वेग बदलला सेकंदाला मीटरच्या लाख-कोटीव्या भागाने. त्या वेगाने वर्षभर चाललं तर 0.03 मिलिमीटर अंतर जाईल, केसाच्या जाडीहून कमी.

गिरकीचा हिशेब करायला अशनीला जास्तीत जास्त सवलत देऊ: ती विषुववृत्तावर, पूर्वेकडून, अगदी आडवी आदळली असं धरू, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याला थेट विरोध. कोनीय संवेग म्हणजे वस्तुमान × वेग × पृथ्वीची 64 लाख मीटर त्रिज्या, सुमारे 4वर 19 शून्यं. पृथ्वीचा स्वतःचा कोनीय संवेग सुमारे 6वर 33 शून्यं. तो दीडशे लाख कोटी पट मोठा. दिवसाच्या 86,400 सेकंदांना तेवढ्याने भागा. सेकंदाचे पावणेदोनशे कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाने दिवस लांबला.

सरावासाठी

अ. कॅरमवर 5 ग्रॅमची सोंगटी सेकंदाला 2 मीटर वेगाने थांबलेल्या 15 ग्रॅमच्या स्ट्रायकरवर समोरासमोर आदळली. दोघांचे वेग?

आ. पाचव्या भागातलं फाटक आणि तोच गोळा. पण गोळा बिजागरीपासून दोन तृतीयांश मीटरवर चिकटला. फिरण्याचा वेग काढा आणि धडकेनंतरच्या सरळ संवेगाची बेरीज करा.

उत्तरं: अ. सोंगटी 1 मीटर वेगाने उलटी परत येते, स्ट्रायकर 1 मीटर वेगाने पुढे जातो. आ. सेकंदाला सुमारे 0.71 रेडियन, संवेग आधी 4.5, नंतरही 4.5.